साथीच्या पेटीला मैफलीत स्वतंत्र जागा मिळवून देणारे गोविंदराव टेंबे



आपल्या शाळेच्या परिपाठाला पेटी वाजते. गावातल्या भजनाला वाजते, हरिपाठाला वाजते, आणि दिवाळीनंतर मंडई भरली की रात्रभर चालणाऱ्या नाटकालाही पेटी लागतेच. आंबागडच्या किल्ल्याच्या पायथ्यापासून तुमसरपर्यंत कुठल्याही गावात विचारून बघा, कोणाच्या तरी घरी नाहीतर मंदिरात एक पेटी हमखास निघते. पण नाटकाचं पत्रक कधी नीट वाचलंय का? नायकाचं नाव मोठ्या अक्षरात, नायिकेचं त्याच्या शेजारी, आणि पेटीमास्तरांचं नाव असलंच तर सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. पेटी म्हणजे साथीला, असं आपण धरूनच चालतो. नुसती पेटी ऐकायला म्हणून घरून निघणारा माणूस विरळाच.

शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात एक असा माणूस होऊन गेला, ज्याची पेटी ऐकायला लोक खरोखर घरून निघत. त्यांचं नाव गोविंद सदाशिव टेंबे. नाट्यसंगीत आवडणाऱ्यांना ते संगीतकार म्हणून माहीत आहेत, जुन्या सिनेमाची आवड असणाऱ्यांना नट म्हणून. पण या सगळ्याच्या आधी ते पेटीवादक होते. आज आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या. मुलांना सांगायला ही गोष्ट सोपी आहे, आणि आपल्या कामाचंही त्यात बरंच काही आहे.

पेटी आपल्याकडे आली कुठून?

गोविंदरावांचं मोठेपण कळायचं असेल तर आधी पेटीची थोडी माहिती हवी. पेटी हे आपलं मूळ वाद्य नाही. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबँ या कारागिराने हार्मोनियम तयार केलं. ते टेबलाएवढं मोठं होतं. खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. इंग्रज आणि मिशनरी यांच्याबरोबर ते भारतात आलं. पण आपली मैफल असते जमिनीवर, सतरंजीवर. तिथे खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य कसं चालणार? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची छोटी पेटी बनवायला सुरुवात केली. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने पट्ट्या. ही पेटी मांडीपुढे ठेवता येऊ लागली, उचलून गावोगाव नेता येऊ लागली आणि बघता बघता देशभर पसरली.

ती इतकी लोकप्रिय का झाली? एक तर ती शिकायला सोपी. सारंगीवर एक सूर नेमका काढायला वर्षं जातात. पेटीवर पट्टी दाबली की सूर तयार. दुसरं, पावसाळ्यात तारा उतरतात तसा तिचा सूर उतरत नाही. तिसरं कारण सामाजिक आहे. सारंगीचं नाव त्या काळी कोठीवरच्या गाण्याशी जोडलेलं होतं. त्यामुळे पांढरपेशा घरांमध्ये सारंगी शिकायला सहसा कोणी तयार नसे. पेटीला तसला डाग नव्हता. ती दिवाणखान्यात चालली, देवळात चालली, शाळेतही चालली.

पण तिच्यात एक मोठी उणीव होती, आणि ती आजही आहे. आपल्या गाण्याचा जीव मींडेत असतो. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता, घसरत जाणं. गळ्याला ते जमतं, सारंगीला जमतं, सतारीलाही तार ओढून जमतं. पेटीला जमत नाही, कारण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे काही नाहीच. शिवाय पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर पक्के बसवलेले असतात. आपला गवई तंबोऱ्याशी जुळवून जो शुद्ध गंधार लावतो, त्यापेक्षा पेटीचा गंधार किंचित चढा असतो. म्हणून जाणकार तिला कमी लेखत. गायकाच्या मागे वाजते तेवढं ठीक, एकटीने मैफल मारणं हिचं काम नाही, असं सर्वसाधारण मत होतं.

जन्म आणि जडणघडण

अशा काळात ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे या गावी गोविंदरावांचा जन्म झाला. त्यांचं वय वाढत होतं तसं कोल्हापूरही गाण्याचं गाव म्हणून मोठं होत होतं. छत्रपती शाहू महाराजांनी गवई, चित्रकार, नाटकवाले, पैलवान अशा सगळ्यांना आधार दिला. जयपूर-अत्रौली घराण्याचे थोर गायक उस्ताद अल्लादिया खाँ हे महाराजांच्या दरबारी गायक होते. शहरात देवल क्लबसारखी गायनप्रेमींची हक्काची जागा होती. मोठमोठ्या गवयांची तिथे ये-जा असे.

गोविंदरावांना पेटी कोणी पद्धतशीर शिकवली नाही. मुळाक्षरं गिरवावीत तशी त्यांनी ती स्वतःच गिरवली. पण इथे मुलांना सांगताना आपण थोडं सावध राहायला हवं. स्वतः शिकले याचा अर्थ कोणाकडून काहीच घेतलं नाही, असा होत नाही. त्यांचं शिक्षण झालं ते कानांनी. कोल्हापुरात जे जे उत्तम गाणं कानावर पडलं, ते त्यांनी टिपलं. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्यासारख्या अव्वल गवयाच्या साथीला बसायची संधी मिळाली, आणि तीच त्यांची खरी शाळा झाली.

साथीला बसणं म्हणजे काय असतं, याचा विचार करा. गवई पुढे काय गाणार हे आधी ठरलेलं नसतं. तो जिकडे वळेल तिकडे साथीदाराने त्याच क्षणी वळायचं. त्याच्या पुढे जायचं नाही आणि फार मागेही राहायचं नाही. तो श्वास घ्यायला थांबला की तेवढी जागा भरायची, पण आपलं घोडं पुढे दामटायचं नाही. भास्करबुवा तर अनेक घराण्यांची गायकी पचवलेले. त्यांच्या मागे बसून गोविंदरावांच्या बोटांत गळ्याची चाल उतरली. पट्टी कुठली दाबायची एवढंच ते शिकले नाहीत. ती किती हलकी दाबायची, भाता कुठे आवरायचा, कुठे थांबायचं, हेही तिथेच कळत गेलं.

अल्लादिया खाँसाहेबांकडे ते रीतसर गंडा बांधून शिकले नाहीत. तरीही आपल्या संगीतामागचे मार्गदर्शक म्हणून त्यांनी खाँसाहेबांनाच मानलं, आणि उतारवयात त्यांचं चरित्रही लिहिलं. समोर बसवून न शिकवलेल्या गुरूचं ऋण असं मान्य करणारी माणसं थोडी असतात.

साथीतून स्वतंत्र वादनाकडे

हळूहळू गोविंदराव एकट्याने पेटी वाजवू लागले. समोर गवई नाही. पेटी मधोमध, बाजूला तबला, आणि पूर्ण राग पेटीवर मांडायचा. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही, पण त्या काळी ते धाडस होतं. साथीला चूक झाली तर गवयाच्या आवाजात झाकून जाते. एकट्याने वाजवताना झाकायला कोणी नसतं. आणि मींड न निघणारं वाद्य घेऊन, मींडेवर जगणाऱ्या रसिकांपुढे बसायचं!

मग पेटीवर हे साधतं कसं? पेटीवादकाला मींडेचा नुसता भास निर्माण करावा लागतो. मुख्य सुराला जाताना शेजारच्या सुराला अगदी ओझरता स्पर्श करायचा, त्याला कणस्वर म्हणतात. भात्याचा दाब कमी-जास्त करून आवाज फुलवायचा आणि मिटवायचा. बोट उचलण्याआधी दुसरं बोट अलगद टेकवायचं म्हणजे सूर तुटल्यासारखा वाटत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जे पेटीवर शोभत नाही ते टाळायचं, जे शोभतं ते खुलवायचं. पेटीवर तान स्वच्छ निघते, ठुमरीतल्या छोट्या छोट्या नाजूक जागा सुंदर निघतात. गाणं मुरलेल्या बोटांनी ती वाजवली की ऐकणाऱ्याला उणीव जाणवायच्या आत सौंदर्य जाणवतं. गोविंदरावांच्या वादनाची कीर्ती झाली ती याच बळावर.

दूरदेशीचं एक भावंड

जवळपास अशीच गोष्ट युरोपात एका वेगळ्या वाद्याची झाली. हार्प हे उंच, कमानीसारखं, पुष्कळ तारांचं वाद्य तुम्ही चित्रात पाहिलं असेल. त्याचीही अडचण पक्क्या सुरांचीच होती. एक तार म्हणजे एक सूर. वाजवता वाजवता पट्टी बदलायची म्हटली की पंचाईत. १८१० मध्ये सेबास्तियाँ एरार या कारागिराने सात पायपट्ट्यांची सुधारलेली यंत्रणा तयार केली. पाय दाबला की तारा अर्ध्या सुराने चढत, आणखी दाबला की आणखी अर्ध्या सुराने. त्यानंतर हार्पवर कुठल्याही पट्टीत वाजवता येऊ लागलं.

तिकडे चेंबर म्यूझिक नावाचा एक प्रकार आहे. छोटी खोली, मोजके वादक, आणि प्रत्येकाचं काम स्वतंत्र. कोणी कोणाच्या मागे लपत नाही. आपल्या घरगुती बैठकीला तो बराच जवळचा. मोठ्या वाद्यवृंदात झंकार पुरवणारं हार्प पुढे या बैठकीतही मानाने बसलं. फ्रान्सच्या मॉरिस राव्हेल यांनी १९०५ मध्ये हार्पला मध्यभागी ठेवून, सोबत बासरी, क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं घेऊन एक रचना केली. क्लोद देब्युसी यांनी १९१५ मध्ये बासरी, व्हिओला आणि हार्प या तिघांसाठी रचना केली. म्हणजे हार्प बैठकीत स्थिरावत होतं, त्याच सुमारास आपल्याकडे गोविंदराव पेटीला बैठकीत बसवत होते. फरक एवढाच की तिकडे आधी वाद्य बदललं. इकडे पेटी होती तशीच राहिली, बदलले ते वाजवणारे हात.

मानापमान आणि पुढचा प्रवास

इथे गोविंदरावांच्या आयुष्याला वळण लागलं. किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं संगीत मानापमान हे नाटक बसवत होती. त्याच्या पदांना चाली द्यायचं काम गोविंदरावांकडे आलं. मार्च १९११ मध्ये मुंबईत पहिला प्रयोग झाला. त्याआधीच्या नाटकांत साकी, दिंडी, कीर्तनी आणि लावणीच्या वळणाच्या चाली बऱ्याच असत. गोविंदरावांनी रागदारीबरोबर उत्तरेकडच्या ठुमरी, कजरीच्या ढंगाच्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या. बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या घरोघरी पोचल्या. आज शंभर वर्षांनंतरही मानापमानची पदं गायली जातात. वर्षानुवर्षं मोठ्या गवयांच्या मागे बसून जे कानात साठवलं होतं, ते इथे सगळ्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडलं.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटीमास्तर कंपनीचा मालक झाला! पत्रकाच्या तळाशी असणारं नाव आता वरच्या ओळीत आलं. पण गोविंदराव तिथे फार काळ रमले नाहीत. त्यांनी बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. तिच्यासाठी नाटकं लिहिली, चाली दिल्या, भूमिकाही केल्या.

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली अयोध्येचा राजा हा चित्रपट काढला. हा मराठीतला पहिला बोलपट. यात दुर्गा खोटे तारामती झाल्या आणि राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव. संगीतही त्यांचंच. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी ओलांडलेली होती. त्या वयात मायक्रोफोन, कॅमेरा हे सगळं नवीन तंत्र त्यांनी शिकून घेतलं. नवीन ॲप आलं की जरा कंटाळणाऱ्या आपण शिक्षकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. पुढे त्यांनी लेखनही केलं. माझा संगीत व्यासंग आणि माझा जीवनविहार ही त्यांची पुस्तकं त्या काळातल्या गवयांची, नाटकमंडळींची आणि मैफलींची जिवंत माहिती देतात.

या सगळ्या धावपळीत पेटीवादन मात्र मागे पडलं. ज्या वाद्याने त्यांना नाव दिलं, ते त्यांनी पुढे जवळजवळ सोडलं. मुलांना सांगताना ही गोष्ट गाळू नये असं मला वाटतं. थोरामोठ्यांच्या चरित्रात सगळं एका सरळ रेषेत जात नाही. त्यांनी पेटीसाठी एक दार उघडलं आणि ते दुसरीकडे निघून गेले. त्या दारातून आत जाणारे मात्र पुढे बरेच निघाले.

रेडिओवर पेटीला बंदी

आता या गोष्टीतला कडू भाग. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरांसारख्या थोर माणसालाही पेटी नको होती. कारणं तीच, मींड नाही, श्रुती नाहीत आणि वाद्य परदेशी. ही टीका खोटी नव्हती. पण तिचा फटका कोणाला बसला? त्या काळी रेडिओ हे कलावंताच्या पोटापाण्याचं आणि नावाचं मोठं साधन होतं. आयुष्यभर पेटी वाजवलेल्या वादकांना रेडिओचं दार बंद झालं. ज्या वाद्यावर गोविंदरावांनी मैफली रंगवल्या, ते देशाच्या रेडिओवर साथीलासुद्धा चालेना.

९ ऑक्टोबर १९५५ रोजी गोविंदरावांचं निधन झालं. तेव्हाही ती बंदी उठलेली नव्हती. सुमारे तीस वर्षांनी, १९७० नंतर ती सैल झाली आणि आधी मोजक्या वादकांना साथीची परवानगी मिळाली.

मधल्या काळात पेटी संपली का? मुळीच नाही. भजनात, कीर्तनात, नाटकात, शाळेत ती वाजतच राहिली. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा वादकांनी तिचं नाव मोठं केलं. आणि आपल्या विदर्भासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे नागपूरचे मनोहर चिमोटे. त्यांनी पेटी एकल वादनासाठी वाहून घेतली. आपल्या वाद्यात स्वरमंडळाच्या तारा बसवल्या आणि त्याला संवादिनी हे सुंदर नाव दिलं. स्वरमंडळ म्हणजे मांडीवर घेऊन छेडायचं बहुतारी वाद्य, हार्पचं दूरचं भावंडच म्हणा ना! पेटीचा स्थिर सूर आणि तारांचा झंकार शेवटी एकाच लाकडी खोक्यात येऊन बसले.

आपल्या वर्गात काय करता येईल?

शाळेत पेटी असेल आणि ती कपाटात बंद असेल, तर एखाद्या शनिवारी ती बाहेर काढा. जाणकाराला सोबत घेऊन वरची फळी उघडा आणि आतल्या पितळी पट्ट्या मुलांना दाखवा. हवा गेली की पितळेची छोटी जीभ थरथरते आणि सूर निघतो. लांब जीभ खालचा सूर देते, आखूड जीभ वरचा. आवाज म्हणजे कंपन, हा विज्ञानाचा पाठ इथे डोळ्यांनी दिसतो.

मग एखाद्या मुलीला सा पासून ग पर्यंत आवाज न तोडता घसरवत न्यायला सांगा. तेच पेटीवर करून बघायला सांगा. पेटीला ते जमत नाही, हे मुलं स्वतःच शोधून काढतील. त्यानंतर विचारा, आता हिच्यावर गाणं सुंदर कसं वाजवायचं? उत्तराची घाई करू नका. मुलं पट्ट्या दाबून, भाता कमी-जास्त करून बघतील, तोच खरा पाठ. गोविंदरावांनी आयुष्याची पहिली काही वर्षं हेच केलं होतं.

पालकांनाही एक सांगणं आहे. गावात आता मुलांना कीबोर्ड घेऊन देण्याची हौस आहे, ती चांगलीच आहे. पण वाद्याबरोबर ऐकणंही द्या. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या पेटीमास्तरांजवळ मुलाला तासभर बसू द्या. गोविंदराव घडले ते दुसऱ्याचं गाणं लक्ष देऊन ऐकून, त्याच्या मागे मागे जाऊन. फुकट मिळणारी ही शाळा अजून आपल्या गावांत चालू आहे. पेटीमास्तर आहेत तोवर तिचा फायदा घ्यायला हवा.

आणि येत्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदावर एक छोटा बदल करून बघा. गाणाऱ्या मुलांच्या नावांआधी पेटी आणि तबला वाजवणाऱ्यांची नावं लिहा. त्या मुलांना उभं राहून नमस्कार करू द्या आणि मगच गाणं सुरू होऊ द्या. तुमच्या शाळेत किंवा गावात असे कोणी जुने पेटीमास्तर असतील, तर त्यांना एकदा वर्गात नक्की बोलवा.